शिडाची सुलटी बाजू

कोल्हार,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

अमीर,

सलाम. खुशाली विचारत नाही, ती मला बाहेरून कळते. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर त्यावरच्या खुणा निळ्या होत नाहीत, म्हणून हे स्पीड पोस्ट. पाकीट न उघडता फेकलंस तरी ते तुझ्या हातात पडल्याचं मला पोस्टातून कळेल, तेवढं पुरे.

मंगळवारी तुमच्या यानाचं शीड आकाशात उघडलं. आज रविवार. पाच दिवस झाले. ही बातमी मला कोणी दिली, तर तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या स्नेहलनं. संगमनेरची पोरगी. यान कसं वळवायचं याचं सगळं गणित तिच्या डोक्यावर, तरी कोल्हारला दोन म्हातारी माणसं कान लावून बसलीत हे तिच्या लक्षात राहिलं. "काका, एक घडी अडकली नाही, सगळं सुळसुळ उघडलं," म्हणाली. सख्ख्या मुलाला तेवढं सांगायला सवड मिळाली नाही.

तुझ्या अम्मीनं गल्लीत पेढे वाटले. मी गप्प बसलो होतो, तर मलाच म्हणाली, "लेकरानं एवढं वर नेलं आन् तुमी तोंड पाडून बसलाय." मी म्हटलं, लेकरानं नेलं असेल, पण घडी कोणी घातली ते विचार त्याला. तीस फूट लांब, तीस फूट रुंद कापड, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, एका बाजूनं आरशासारखं चकाकणारं आणि दुसऱ्या बाजूनं राखाडी. ते जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसवायचं. तुमच्या इंजिनियरांनी चार वेळा बसवलं, चारही वेळा उघडताना फाटलं. तेव्हा बाप आठवला. "अब्बा, तुम्ही साठ फुटांचं मंडपाचं छत टेम्पोत असं भरता की टोक ओढलं की आपोआप उलगडतं, ते आमच्या लोकांना दाखवा," हे तुझेच शब्द. म्हणून नोव्हेंबरात, ऐन लग्नसराईत, मंडपाची कामं हाताखालच्या कल्याणच्या भरवशावर टाकून बारा दिवस बंगळुरूला येऊन राहिलो.

आणि शेवटच्या दिवशी, खरी घडी घालायच्या वेळी, दहा माणसांसमोर तू मला काय म्हणालास? "हातमोजे घाला, नाहीतर कापडाला हात लावू नका." अरे, हातमोजे घातले की बोटाला घडी कळत नाही. आंधळ्यासारखं चाचपडावं लागतं. चाळीस वर्षं छतं बांधणाऱ्या माणसाला तू हात कसे वापरायचे ते शिकवलंस. मी रागावलो नाही. फक्त एक गंमत सांगितली तुझ्या लोकांना. तू दहावीत असताना झालर बांधायला बांबूवर चढलास, वर जाऊन रडायला लागलास आणि कल्याणनं तुला पाठीवर घेऊन खाली आणलं, ती. लोक हसले. तू खोलीतून निघून गेलास आणि ते आजपर्यंत. एवढ्याशा गोष्टीवर तीन महिने अबोला धरायचा म्हणजे कमाल आहे.

परतीच्या रेल्वेतून तुला तीनदा फोन लावला. लागला नाही. रेंज नसेल. एक गोष्ट सांगायची होती, पण आता शीड उघडलं, काम झालं, जाऊ दे.

अम्मीचा गुडघा दुखतो. तिला तरी फोन कर.

पीरमहंमद


कोल्हार,
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

अमीर,

पहिलं पत्र पोहोचल्याचं पोस्टानं कळवलं. तू काही कळवलं नाहीस. ठीक.

गुरुवारी स्नेहलचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. यान वळत नाही म्हणाली. म्हणजे वळतं, पण सांगितलं तिथं थांबत नाही. मी म्हटलं, नीट समजावून सांग, मी काही इतका ढ नाही. तिनं सांगितलं आणि मला कळलं. तू बारा दिवसांत जे समजावलं नाहीस ते तिनं वीस मिनिटांत समजावलं.

शिडावर ऊन पडतं आणि ऊन ढकलतं. केवढ्या जोरानं? तीस फुटांच्या शिडावर साखरेच्या शंभरेक दाण्यांचं वजन ठेवावं, तेवढ्या. हसू आलं मला. पण वर दुसरं अडवणारं फारसं काही नाही, म्हणून तेवढंही पुरतं. यान पृथ्वीभोवती फेऱ्या घालतं. अर्धी फेरी ते सूर्यापासून लांब पळत असतं, तेव्हा शीड उन्हाला पूर्ण द्यायचं, म्हणजे पाठीमागून धक्का मिळतो. उरलेली अर्धी फेरी ते सूर्याकडे येत असतं, तेव्हा तेच ऊन समोरून येऊन ब्रेक लावतं. म्हणून तेव्हा शीड फिरवून त्याची नुसती कड उन्हाकडे करायची. वादळ सुटलं की आपण मंडपाच्या कनातीचा एक दोर सोडून तिला वाऱ्याच्या रेषेत फिरवतो, तसंच हे. एका फेरीला शंभर मिनिटं, आणि प्रत्येक फेरीत दोनदा हे वळवणं. वळवायला इंजिन नाही. चार कोपऱ्यांना चार छोटे पडदे आहेत, ते कमी-जास्त तिरके करायचे, त्यांनाही ऊनच ढकलतं आणि अख्खं शीड वळतं. हे नीट जमलं तर यान रोज थोडं थोडं वर चढणार, इंधनाचा थेंब न वापरता. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पण पडदे तिरके केले की शीड पाहिजे त्याच्या पुढं वळून जातं. परत आणेपर्यंत ऊन ब्रेक लावून मोकळं होतं. चढायचं सोडा, यान उतरतंय. तिथंही हवेचा काही अंश आहे, आणि एवढं मोठं कापड पसरल्यावर तो अंश घासतो. स्नेहल म्हणाली, मार्च संपेपर्यंत वळवणं जमलं नाही तर मग काहीही केलं तरी ते खालीच येणार, वाटेत जळून जाणार. सहा वर्षांचं काम.

तुमचे मोठे साहेब म्हणतात, स्नेहलचं गणित चुकलं. ती सांगत होती की तिनं गणित अकरा वेळा तपासलं. मग मी विचारलं, आमचा अमीर काय म्हणतो? ती म्हणाली, "तो काही बोलत नाही, काका." तुझं हे न बोलणं आता माझ्यापुरतंच राहिलेलं नाही, असं दिसतंय. जी मुलगी तुझ्या आईबापाला फोन करते, तिच्या बाजूनं साहेबांसमोर दोन शब्द बोलायला तुझी जीभ झडते का?

तुम्ही लोक पडदे तपासा, दोर तपासा. कापडाचं बघायचं असेल तर ते मी घातलेल्या घडीप्रमाणे उघडलंय, त्यात खोट काढायला जागा नाही.

एक विचारायचं होतं. शीड तापतंय का? मोजायची काही सोय असेलच. तुला सांगायचं नसेल तर राहू दे, मी स्नेहलला विचारीन.

पीरमहंमद


कोल्हार,
३ मार्च २०२५, सोमवार

अमीर,

काल पहिला रोजा आणि कालच जामखेडला एका लग्नाचा मंडप बांधायचा होता. पहाटे सहेरी करून टेम्पो काढला. जामखेडचं ऊन तुला माहीत आहे, मार्चच्या दुसऱ्या तारखेलाच चटके बसत होते.

नवरीचे मामा गहिनीनाथराव, भला माणूस, पण डोक्यात ड्रोन शिरलेला. मला म्हणाले, "शेखभाई, वरून शूटिंग हुनार हाय. छताची चांगली बाजू वर करा, न्हाईतर व्हिडिओत नुसती पाठ दिसती." मी म्हटलं, लग्नाला माणसं खाली बसणार आहेत की ढगात? छताचं तोंड खाली असतं, बसणाऱ्याला दिसलं पाहिजे म्हणून. पाठ उन्हाला, वाऱ्याला, पाखरांना. माझ्या वालिदांच्या वेळेपासून असंच आहे. ते म्हणाले, आता जमाना बदललाय. माझं टाळकं सरकलं होतंच, तेवढ्यात कल्याण छताचं टोक धरून आला आणि विचारलं, "मालक, पावनं म्हनत्यात तसं तोंड वर करायचं का, का आपलं न्हेमीसारखं खाली?"

मी त्याच्यावर असा ओरडलो की मंडपातले आचारी बघायला बाहेर आले. बावीस वर्षं छत बांधतोस आणि मला विचारतोस? तो चिडला नाही. कापड खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "इचारलं म्हून काय बिगाडलं, मालक? इचारून बांधल्यालं बरं आसतं." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्यावर का ओरडलो ते मी त्याला सांगू शकलो नाही. घरी तुझ्या अम्मीला म्हटलं, रोजा होता, डोकं तापलं होतं. तिला ते पटलं नाही.

छत बांधून झाल्यावर मी खाली एका खुर्चीवर बसून वर बघत राहिलो. गुलाबी तोंड खाली, आमच्याकडे. बराच वेळ बघत होतो.

संध्याकाळी परतताना नगरच्या अलीकडे थांबून रोजा सोडला आणि स्नेहलला फोन लावला. शीड तापतंय म्हणाली. चकाकतं कापड ऊन परतवतं, ते फार तापायला नको. हे पन्नास अंशांनी जास्त तापलंय. साहेब म्हणाले, मोजणारं यंत्र बिघडलं असेल. तुमच्या साहेबांना एवढं कळू नये? काळी छत्री तापते, पांढरी तापत नाही. त्याला कसलं यंत्र लागतं?

आणि तिला नोकरीवरून काढल्याची नोटीस मिळालीय. एकतीस मार्च शेवटचा दिवस. मला म्हणाली, "गणित माझं, घडीच्या कागदावर साक्षीची सही माझी. मग दुसऱ्या कोणाला जबाबदार धरणार, काका?" घरी अजून सांगितलेलं नाही तिनं. संगमनेरला तिचे वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की माझी मुलगी आकाशातलं यान वळवते.

सहज विचारतो. समजा, कोणाकडून कापड उलटं लागलं, म्हणजे राखाडी बाजू उन्हाकडे आणि चकाकती मागं, तर काय होईल? वळवण्यात फरक पडेल का? तुम्हा लोकांना हे कागदावर करून बघता येत असेल. सहज म्हणून करून बघा. मी म्हणत नाही की तसं झालंय.

पीरमहंमद


कोल्हार,
१० मार्च २०२५, सोमवार, सकाळ

अमीर,

आता सहज वगैरे काही नाही. झालंय तसंच.

पाच वेळा सराव केला, पाचही वेळा कापड पसरून दिलंस तू. पेटीचं झाकण वर, झाकणाकडची बाजू उन्हाकडे जाणार, म्हणून चकाकती बाजू वर, हे तू पहिल्या दिवशी सांगितलंस आणि मग पसरायचं काम स्वतःकडेच ठेवलंस. मी फक्त घड्या घालायचो. सहाव्या वेळी तू निघून गेला होतास, म्हणून पसरलंही मीच. डोक्यात राग होता आणि हात आपापले चालत होते. चांगलं तोंड खाली, पाठ उन्हाला. आयुष्यभर छत जसं लावलं तसं लावलं.

स्नेहल समोरचं टोक धरून उभी होती. तिनं विचारलं, "काका, चकाकती बाजू वर हवी ना?" कल्याणला जे बोललो तेच मी तिलाही बोललो होतो, तेवढ्याच मोठ्यानं. मला विचारतेस? तिला वाटलं, घडी घालताना कापड उलटंपालटं होत असेल, म्हाताऱ्याला ठाऊक असेल. तिनं कागदावर बरोबरची खूण केली आणि सही केली. माझ्या शब्दावर केली. चार महिने तिनं हे कोणाला सांगितलं नाही, मलासुद्धा बोलून दाखवलं नाही.

मला कधी कळलं? परतीच्या रेल्वेत, दौंड सोडल्यावर. रुळाच्या कडेला एक मंडप होता, गाडी उंचावरून जात होती, छताची पाठ दिसली आणि आपण काय करून बसलो ते कळलं. पेटी अजून तुमच्याकडेच होती, दहा दिवस होती. एक फोन केला असता तर झाकण उघडून घडी परत घालता आली असती. तीनदा फोन लावला असं मी तुला लिहिलं, ते खोटं. एकदाही लावला नाही. तुझं नाव काढलं, बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघा, मी म्हणत होतो ना. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मनाची समजूत घातली की एक बाजू काय, दुसरी काय, शीड उघडल्याशी कारण.

आणि ती बांबूची गंमत. ती गंमत नव्हती. तुझ्या लोकांनी तुला हसावं म्हणूनच सांगितली, आणि अर्धीच सांगितली. तो बांबू खरंच हलत होता. मी घाईत बांधला होता. तू पंधरा वर्षांचा, घाबरलास त्यात तुझं काहीच चुकलं नव्हतं, आणि हे मी तुला आजवर सांगितलं नाही. माझी चूक झाली, अमीर. दोन्ही वेळा.

हे पत्र पोहोचायला चार दिवस जातील. तेवढे दिवस तुमच्या यानाकडे नाहीत. म्हणून आत्ता उठतो आणि स्नेहलला फोन करतो. तुझ्या आधी तिला कळेल, त्याला इलाज नाही.

दुपार, तीन वाजता

फोन केला. मी "बेटा, एक सांगायचंय" म्हणालो आणि ती म्हणाली, "काका, थांबा, आधी माझं ऐका. अमीरनं शनिवारीच सरांना सांगितलंय."

माझं तीन तारखेचं पत्र तुझ्या टेबलावर उघडं पडलेलं तिनं पाहिलं होतं. म्हणजे तू वाचतोस. हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पण तू साहेबांना काय सांगितलंस? की शीड उलटं लागलंय, आणि उलटी बाजू अब्बांना मीच सांगितली, त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे केलं. वर हेही, की कागदावर हजर म्हणून तुझी सही आहे पण तू त्या वेळी कँटीनमध्ये बसला होतास. सहीचं खरं असेल, ते तुझं तू बघ. पण बाजूचं? तू मला सुलटंच सांगितलं होतंस. रमजानच्या महिन्यात, रोजा धरून, तू धडधडीत खोटं बोललास?

मी स्नेहलला सगळं खरं सांगितलं. तिनं ते पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "काका, आता राहू द्या. माझी नोटीस मागं घेतलीय, गणिताचे आकडे बदलायला घेतलेत. पुढच्या शिडाच्या कामावरून अमीरला काढलंय, पण नोकरी आहे. प्रकरण मिटलंय."

मिटलंय म्हणे. कोणाला विचारून मिटवलं? हे पत्र तसंच पाठवतोय, एक शब्द खोडत नाही.

पीरमहंमद


कोल्हार,
२० मार्च २०२५, गुरुवार

अमीर,

हे पोस्टात टाकत नाही. फोटो काढून स्नेहलला पाठवतोय, ती छापून तुझ्या टेबलावर ठेवील. पोस्टापेक्षा माझी गाडी आधी पोहोचेल म्हणून.

आधी चांगलं ते लिहितो. स्नेहलनं सांगितलं, नवे आकडे शुक्रवारी वर गेले. राखाडी बाजूवर उन्हाचा जोर साधारण निम्माच, आणि पडदे मात्र चकाकते, त्यांचा जोर पुरा, म्हणून शीड जास्त वळून जायचं. आता पडदे कमी तिरके करतात आणि ते सांगितलं तिथं थांबतं. पूर्ण उलटं फिरवता आलं असतं का, मी विचारलं. नाही म्हणाली, सोलर पॅनेल एकाच बाजूला आहेत, ते सावलीत गेले तर यान मरेल. म्हणून राखाडी तोंडानंच जायचं. ठरलं होतं त्याच्या निम्म्यानं, दिवसाला सहाशे-सातशे मीटर, पण चढतंय. तुझी अम्मी हे ऐकून रडली. मीही.

आता वाईट. तुमच्या साहेबांना मी दोन पानी पत्र लिहिलं. कापड कोणी पसरलं, कोणी काय विचारलं, कोण कोणावर ओरडलं, रेल्वेत मला काय आठवलं आणि मी काय केलं नाही, सगळं. खाली पूर्ण नाव, पीरमहंमद इस्माईल शेख, मंडपवाले, कोल्हार. त्यांनी स्नेहलमार्फत उत्तर पाठवलं. अतिशय आदरानं लिहिलंय. वडिलांचं मन आम्ही समजू शकतो, मुलाला वाचवण्यासाठी वडील असं करतात, आपण काळजी करू नये, तब्येतीला जपावं.

म्हणजे तुझं खोटं खरं ठरलं आणि माझं खरं म्हणजे म्हाताऱ्याची माया. चाळीस वर्षांत माझ्या कामावर कोणी बोट ठेवलं नाही, आणि आता एकदा घोडचूक केली तर ती माझी आहे असं कोणी मानायला तयार नाही. साहेबांचं हे उत्तर मी तुझ्या अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग बसा आता. लेकानं बापाची लाज राखली तर तुमाला पोटशूळ का उठतो?" मी म्हटलं, लाज राखली नाही त्यानं, माझी चूक उचलून नेली, आणि तिच्याबरोबर स्वतःचं पुढचं शीडही घालवलं. सहा वर्षं त्यानं या कामात घातलीत. तर ती उठून माझी पिशवी भरायला लागली.

मला राग कशाचा आलाय ते सांगून टाकतो. तू माझी चूक अंगावर घेतलीस हे कळलं त्या क्षणी मला फार बरं वाटलं. एवढा अबोला धरूनही मुलगा आपला आहे, हे कळून माणसाला बरं वाटतंच. पण त्याच क्षणी आणखी एक बरं वाटलं, की सुटलो. त्या दुसऱ्याची मला लाज वाटली आणि तीच अजून जात नाही. दौंडला मोबाईल खिशात टाकला तेव्हाही असंच सुटल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून उद्या नगरहून गाडी धरतोय. शनिवारी सकाळी बंगळुरू. सोमवारी अकराला साहेबांनी वेळ दिलीय, स्नेहलनं मागून घेतली. त्यांना मी काही समजावणार नाही, बोलण्यानं त्यांची खात्री पटत नाही. मी म्हणणार, तुमचं एक सरावाचं कापड आणा. ते पेटीवर पसरा असं मला सांगा, बाजूचं काही सांगू नका, आणि गप्पा मारत राहा. माझ्या कामाबद्दल विचारा, घरच्यांबद्दल विचारा, हातमोज्यांबद्दल विचारा म्हणजे मला रागही येईल. आणि मग बघा, माझे हात कुठलं तोंड खाली ठेवतात.

मला ठाऊक आहे कुठलं ठेवतील. काल अंगणात चादर घेऊन सात वेळा करून बघितलं. ठरवून वर ठेवायला गेलो तरी दोनदा खालीच गेलं.

तू तिथं असायला हवंस. दाराजवळ उभा राहा, आणि अब्बा, राहू द्या, असं एकदाही म्हणू नकोस. माझ्याकडून कापड उलटं पसरलं जाताना सगळ्यांनी बघू दे, तूही बघ. त्यांनी हसायचं ठरवलं तर हसू दे. या वेळी खोलीतून निघून जाऊ नकोस, एवढंच सांगणं आहे.

पीरमहंमद